सूर्याविरुद्धचं वळण

१

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे बोटीचे दिवस. सव्वानऊला धक्क्यावर, साडेनऊला दोर सुटलेला, एकच्या आत परत. निघण्यापूर्वी नोंदवहीत पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, वारा, हवेचा दाब, किती लांबचं दिसतंय, आणि बोटीवर माणसं किती. या शेवटच्या रकान्याला आमच्याकडे 'जीव' म्हणतात. गेल्या सप्टेंबरपर्यंत मी तिथं 'दोन' लिहायचे. आता 'एक' लिहिते.

बोटीचं नाव प्लोव्हर. एका डोलकाठीची, अठ्ठावीस फुटी. केबिनच्या दाराशी कापडी छपराखाली एक टॅब्लेट बसवलेला आहे. तो किनाऱ्याचा नकाशा दाखवतो, नकाशावर आपण कुठं आहोत ते एका छोट्या त्रिकोणानं दाखवतो, आणि मागं पडलेल्या वाटेची लाल रेघ ओढत जातो. माझा नवरा हेडली त्याला गोगलगाय म्हणायचा.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती रेघ मी वहीत पेन्सिलीनं उतरवून काढते. कुणी सांगितलेलं नाही. बोटीचं सगळं मी असंच वाचून, लिहून, मोजून शिकले.

बारा जूनला, शुक्रवारी, हेन रॉकच्या खडकापाशी रेघेला एक वळसा दिसला. मटाराच्या दाण्याएवढा. बोट तिथं डावीकडून गोल फिरून पुन्हा वाटेला लागली होती, असं रेघ सांगत होती.

मी तिथं वळले नव्हते. सरळ आले होते. आणि डावीकडून तर मी कधीच फिरत नाही.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या या काठावर बोट उलटी फिरवायची असेल, तर सूर्याबरोबर फिरवतात. म्हणजे उजवीकडून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. थोडीशी दिशा बदलायला डावीकडे गेलं तर चालतं. पण पूर्ण वळायचं तर उजवीकडूनच, मग कितीही लांब पडो. सूर्याविरुद्ध वळलेली बोट माणूस घेऊन जाते म्हणतात. इथली मुलं हे बोलायला लागण्याआधी शिकतात. मी आतल्या खोऱ्यातली, सफरचंदांच्या गावची. मला ते लग्नानंतर सासूबाईंनी शिकवलं, याच टेबलावर पातेल्याचं झाकण फिरवून. "हा सूर्य, ही तू. पुन्हा दाखव. परत एकदा." तीन दिवस.

वहीत मी वळसा जसा होता तसा काढला आणि शेजारी लिहिलं: 'यंत्राची चूक?'

२

सेसल वेन्झल हंगामात लॉब्स्टर पकडतो आणि उरलेल्या वर्षात धक्क्यावरच्या खोपटात लोकांचे फोन आणि बोटींवरची यंत्रं दुरुस्त करतो. टॅब्लेट त्यानंच बसवून दिला होता.

"ओल्या हातानं पुसलास ना?" तो म्हणाला. "पाण्याचा थेंब पडला तरी त्याला वाटतं कुणी बोट लावलं."

"थेंबानं फार तर खूण उमटेल. वळसा कसा उमटेल?"

"व्हेरा, या यंत्रानं एकदा मला चर्चच्या माळ्यावर नेऊन ठेवलं होतं. बोटीसकट. मग मी काय करायचं होतं, घंटा वाजवायची?"

"सेसल, मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाही. आमचे पाद्री खूश झाले असते. वीस वर्षांत पहिल्यांदा आलो असतो." त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे बघ, खडकावर आपटून सिग्नल वाकडा येतो. रेघ उडी मारते. बस."

"उडी मारायला तीन मिनिटं लागतात? वळशावर बोट ठेवलं की वेळ येते, बघ. मी हेन रॉकवरून गेले बारा वाजून दहाला. इथं काय लिहिलंय?"

त्यानं बोट ठेवलं. दहा एक्केचाळीस.

सेसल गेल्या सप्टेंबरात शोधायला निघालेल्या बोटींपैकी एकीवर होता. ती वेळ त्या दिवशी रेडिओवर निदान पन्नास वेळा सांगितली गेली असेल. त्यानं खिशातून पुसायचं फडकं काढलं, काच कितीतरी वेळ पुसली, आणि टॅब्लेट परत दिला.

"घड्याळ बिघडलंय त्याचं," तो म्हणाला. "तू घरी जा. म्हातारी वाट बघत असेल."

३

तो दिवस मी वहीत लिहिलेला नाही. इथं लिहिते.

पंधरा सप्टेंबर. त्या दिवशी आठलाच निघून आम्ही बाहेरून घरी येत होतो. धुकं दाट, नैर्ऋत्येचा वारा, म्हणजे आमच्या डाव्या हाताचा. सुकाणूवर मी. हेन रॉकपाशी पुढच्या शिडाची दोरी अडकली म्हणून हेडली पुढं गेला. लाइफ जॅकेट बाकावरच राहिलं. धुक्यातून कुठल्यातरी मोठ्या बोटीची लाट आली, आमची बोट जोरात कलली, आणि तो डाव्या बाजूनं पाण्यात गेला. पिवळा रेनकोट. मला तो दिसत होता.

टॅब्लेटवर 'माणूस पडला' असं बटण असतं. ते मी तिथल्या तिथं दाबलं, दहा एक्केचाळीसला. शोध चुकीच्या जागी झाला नाही. चूक त्यानंतरची आहे.

वारा डावीकडून, माणूस डावीकडे. तेव्हा बोट डावीकडे वळवली असती तर तिचं तोंड वाऱ्यात गेलं असतं, शिडं फडफडून रिकामी झाली असती, आणि दोन बोटी मावतील एवढ्या अंतरात ती उभी राहिली असती. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वहीत चित्र काढून ठेवलं होतं.

मी उजवीकडे वळले. विचार केला नाही, हात वळला. बोटीनं वारा पाठीवर घेतला आणि ती पळाली. मोठा फेरा घालून, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेऊन, मी त्या जागी परत आले तेव्हा चार मिनिटं झाली होती. धुक्यात त्यानं मला दोनदा हाक मारली. पहिली जवळून होती.

सगळ्यांना मी सांगितलं, लगेच वळले. ते खरंच आहे. कुठल्या बाजूनं वळलीस, हे कुणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी टॅब्लेटवरून त्या दिवसाची रेघ मी पुसून टाकली. ते मोठं वर्तुळ इथल्या कुणाही माणसानं पाहिलं असतं तर त्याला काही खटकलं नसतं. सूर्याबरोबरच तर होतं. ते मला बघवत नव्हतं.

हेडली सापडला नाही.

४

जुलैत वळसा सहा वेळा आला. मी हेन रॉकवरून कितीही वाजता जावो, वळशावर वेळ दहा एक्केचाळीस. आकार तोच. मी तो मोजला: आमची बोट वारा डावीकडून असताना डावीकडे वळली तर जेवढी जागा घेईल, तेवढाच. मध्यभागी वेग शून्य. दोन मिनिटं शून्य. कुणाला तरी वर घ्यायला थांबावं तशी.

हे मी लिहून ठेवलं आणि खाली कारणं लिहिली. एक, यंत्र जुनं झालंय. दोन, खडक. तीन, मी झोपत नाही. तिसरं जास्त पटत होतं.

मग मला वेगाचं लक्षात आलं. बंदरात शिरताना शेवटचा मैल मी नेहमी इंजिनावर जाते, इंजिनाचे फेरे नेहमी तेवढेच. नऊ वर्षांचे आकडे वहीत आहेत. भरतीचं पाणी संथ असताना दोघं असलो तर वेग ताशी पाच सागरी मैल. हेडली अंगानं दणकट होता. मी एकटी असले तर पाच पूर्णांक दोन. मे महिनाभर पाच पूर्णांक दोनच आहे.

वळसा आलेल्या प्रत्येक दिवशी, हेन रॉकनंतर, पाच.

बोटीचा तळ शेवाळला असेल म्हणून मी खाली बुडी मारणाऱ्या माणसाकडून तो घासून घेतला. पुढच्या शुक्रवारी वळसा आला नाही. वेग पाच पूर्णांक दोन. मंगळवारी आला, पाच.

त्या मंगळवारी मी परत येताना केबिनमध्ये चहा करायला उतरले. स्वयंचलित सुकाणू लावलं होतं. आत सगळे आवाज ओळखीचे होते: किटलीची किणकिण, लाकडाची कुरकुर, तळाखालून घासत जाणारं पाणी. आणि डाव्या भिंतीबाहेर टांगलेल्या दोरीच्या शिडीच्या पायऱ्या बोटीला लागत होत्या. टक. थोडं थांबून, वरच्या अंगाला, टक. शिडी लाटेनं हलली तर सगळ्या पायऱ्या एकदम वाजतात. या एकेक वाजत होत्या.

मी गॅस बंद केला आणि कपाटाला धरून उभी राहिले. वर बाकाची फळी जरा वाजली.

वर गेले तेव्हा कुणी नव्हतं. डावा बाक ओला होता. पाणी उडालं असेल. समुद्र शांत होता, हेही त्या दिवशीच्या नोंदीत आहे.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती एवढीच, की पुढच्या खेपेला वळसा आलाच नाही तर.

५

सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. एल्वा कॉर्कम. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवते.

"हे माशाचे वडे तळलेस की वाळत घातलेस?"

"तळलेत, आई."

"विचारलं आपलं. दात माझे स्वतःचे आहेत, जपायला नकोत?" मग नेहमीचा प्रश्न. "आज कुठवर गेलीस?"

ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी मी टॅब्लेट टेबलावर ठेवून लोणच्याची बरणी आणायला उठले. परत आले तर त्या प्रार्थनेचं पुस्तक वाचायचं भिंग काचेवर धरून बसल्या होत्या.

"हे काय आहे?"

"यंत्राची चूक आहे. सेसल म्हणाला—"

"सेसलला स्वतःचे बूट सापडत नाहीत. हे हेन रॉक आहे. माझ्या मुलाची जागा आहे ती." भिंगामागं त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. "तिथं तू सूर्याविरुद्ध वळतेस?"

मी बरणी टेबलावर ठेवली.

"त्या दिवशीही अशीच वळली असशील."

हे विचारणं नव्हतं. वर्षभर त्या या वाक्याभोवती फिरत होत्या, आता ते सापडलं होतं.

मी एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं: नाही, मी उजवीकडे वळले, तुम्ही शिकवलं तसं. त्या हुशार आहेत. वारा कुठून होता ते त्यांना ठाऊक आहे. नवरा आणि सासरा दोघांच्या बोटी त्यांनी पाहिल्यात. पुढचं त्यांचं त्यांना कळलं असतं. मग त्र्याऐंशीव्या वर्षी, न चालणाऱ्या गुडघ्यांनी, त्या ते घेऊन याच खुर्चीत बसल्या असत्या. रोज. माझ्यासमोर.

"हो, आई," मी म्हणाले. "सूर्याविरुद्ध वळले."

त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं.

"मला वाटलंच होतं. खोऱ्यातली ती खोऱ्यातलीच." आणि त्यांनी उरलेले वडे खाल्ले, सगळे. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्यांची ताटली रिकामी झाली.

भांडी विसळत होते तेव्हा मागून आवाज आला. "पंधरा तारखेला मी येणार आहे बोटीवर. फुलं टाकीन. आणि तू कशी वळतेस ते बघते."

६

पंधरा सप्टेंबर, मंगळवार. वारा नैर्ऋत्य, मध्यम. दाब उतरता. जीव: दोन.

सेसल आणि मी मिळून त्यांना बोटीत उतरवलं. त्यांनी चर्चला जातानाचा काळा कोट घातला होता, मांडीवर परसातल्या डेलियांची जुडी. "मला काय बटाट्याचं पोतं समजतोस?" त्या सेसलला म्हणाल्या. "पोतं बोलत नाही, एल्वामावशी," तो म्हणाला, आणि दोर सोडताना माझ्याकडे न बघता पुटपुटला, "धुकं येतंय. आज नको जाऊस."

आठलाच निघालो. ही वेळ मीच ठरवली होती.

बाहेर ऊन होतं. त्यांनी फुलं एकेक करून टाकली, सगळी फुलं एकदम टाकू नयेत म्हणाल्या. परत फिरताना मी उजवीकडून वळले आणि त्यांनी मान डोलावली. मग धुकं आलं. आधी डोलकाठीचं टोक गेलं, मग बोटीचं नाक. हेन रॉकपाशी तरंगणाऱ्या बोयाची घंटा ऐकू येत होती, कधी पुढून, कधी बाजूनं.

दहा एकोणचाळीस. चाळीस.

टॅब्लेटवरचा त्रिकोण डावीकडे वळू लागला.

मी होकायंत्र पाहिलं. काटा स्थिर होता. सुकाणूचा दांडा माझ्या हातात सरळ होता, मागं पाण्यावर आमची वाट सरळ होती. नकाशावरची बोट आम्हाला सोडून वळत होती. मी काचेवर हात फिरवला; काच कोरडी होती.

"व्हेरा."

डावीकडून, पाण्याच्या पातळीवरून. ओरडून नव्हे. शेजारच्या खोलीतून काहीतरी मागावं तशी हाक.

सील असेल. पाण्यातले सील माणसासारखा आवाज काढतात. घंटा धुक्यात फिरते, माणसाला काहीही ऐकू येतं. मी हे मनात म्हणत होते, शब्द न् शब्द, आणि सासूबाई उभ्या राहिल्या. गुडघे गेलेली ती बाई कशाचाही आधार न घेता उभी राहिली.

"हेडली!" त्या ओरडल्या. "तो बघ! अगं तो बघ! वळव!"

माझा हात हलला. नेहमीसारखा. बोटीचं नाक उजवीकडे जाऊ लागलं.

"तिकडे कुठं चाललीस!" त्यांनी माझ्या हातावर हात आपटून दांडा धरला. "डावीकडे! डावीकडे वळव गं बाई, डावीकडे आहे तो!"

दोघींनी मिळून दांडा लोटला. बोट डावीकडे वळली, तोंड वाऱ्यात गेलं, शिडं डोक्यावर कडाडली आणि रिकामी झाली. आणि ती थांबली. एवढ्यात. मी आकडे काढले होते, पण इतकं थोडं अंतर असेल असं मला वाटलं नव्हतं.

डाव्या कठड्याखाली एक पिवळी बाही होती. कोपरापासून पुढची. शिडीच्या खालच्या पायरीला धरलेली. दोन श्वास, फार तर तीन. मग त्यावरून धुकं गेलं, आणि बोट किंचित डावीकडे कलली, शिडीवर कुणी भार टाकला की कलते तशी, आणि पुन्हा सरळ झाली.

७

डोक्यावर शिडं फडफडत होती, घंटा वाजत होती. सासूबाईंचा हात अजून माझ्या हातावर होता. दोघींचे हात दांड्यावर.

"किती लवकर थांबली गं," त्या म्हणाल्या.

"हो."

"एवढ्यात थांबते?"

"वारा डावीकडून असला की थांबते. डावीकडे वळलं तर."

त्यांनी हात काढून घेतला. तळव्याकडे पाहिलं.

"तुझा हात आधी उजवीकडे गेला. आत्ता. मी धरला होता, मला कळलं."

मी टॅब्लेटकडे बघत राहिले. तिथं रेघ थांबली होती.

"मला खोटं सांगितलंस त्या दिवशी."

"हो, आई."

"उजवीकडे वळलीस. सूर्याबरोबर."

"हो."

त्या खाली बसल्या, डाव्या बाकावर, एकदम, कुणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशा. मला वाटलं रडतील. मी तिथं जाऊन गुडघ्यांवर बसायला हवं होतं, पण सुकाणू सोडता येईना.

"सत्तावीस वर्षं झाली तुला या घरात येऊन," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "माझं एक ऐकलं नाहीस. मीठ किती घालावं ते ऐकलं नाहीस. पडदे कुठले लावावे ते ऐकलं नाहीस. मी बोलत राहायचे, तू आपलं करायचं तेच करायचीस." त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आणि हे ऐकलंस."

 

मी शिडं उतरवली, इंजिन सुरू केलं, नाक घराकडे केलं. धुकं तसंच होतं. थोडं पुढं गेल्यावर सासूबाई बाकावर माझ्या बाजूला सरकल्या. कोटाचा घेर गोळा करून मांडीखाली घेतला, ओलं होऊ नये म्हणून घेतात तसा.

"बस," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मलाच म्हणताहेत. मी म्हणणार होते की सुकाणूवर उभंच राहावं लागतं.

"किती गार पडलायस रे," त्या म्हणाल्या.

मी समोर बघत राहिले.